प्रोजेक्ट संपला तेव्हा कपाटात ४३ दिवसांच्या गोळ्या होत्या

३१ मार्च २००८. बँकांमध्ये वर्षअखेरची गर्दी, आणि मी, नशेच्या व्यसनावर रोज गोळी देणाऱ्या आमच्या सेंटरची नर्स, आतल्या खोलीत डबल लॉकचं कपाट उघडून गोळ्या मोजत बसले होते. एकदा मी मोजल्या, मग कौन्सेलर ताईने मोजल्या, मग दोघींनी मिळून. १५ हजार २०० आणि वर थोड्या. रोजचा खप साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ४३ दिवस. तो आकडा मी स्टॉक रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहिला, तो पुठ्ठा अजून डोळ्यासमोर आहे. उद्यापासून प्रोजेक्ट नाही, जागेचं भाडं नाही, माझा पगार नाही, पण सकाळी नऊ वाजता ११८ माणसं दारात येणार हे मात्र नक्की.

मागच्या महिन्यात एका संस्थेतल्या सिस्टरचा फोन आला. तिच्याकडचं तीन वर्षांचं फंडिंग येत्या मार्चला संपतंय, कुणीतरी माझा नंबर दिला, विचारत होती की तुम्ही तेव्हा काय केलं. तासभर बोललो तरी निम्मं राहिलंच, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आमचं सेंटर होतं रे रोडच्या बाजूला, दारूखान्याजवळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा मुंबईचा जहाज तोडायचा जुना भाग, सगळीकडे लोखंड, साखळदंड, पत्रे, गोदामं, भंगाराचे काटे. हार्बर लाईनच्या रुळांच्या कडेने, पुलाखाली, गोदामांच्या भिंतीला टेकून गर्द घेणारी पोरं बसलेली असायची. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉईनचाच अशुद्ध प्रकार. लोक त्यांना गर्दुल्ले म्हणतात, मला तो शब्द कधीच आवडला नाही, आमच्याकडे त्यांना क्लायंट म्हणायचे, तोही शब्द काही फार मायेचा नाही पण त्यात शिवी तरी नाही. काहीजण पन्नीवर ओढायचे, म्हणजे चांदीच्या कागदावर पावडर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर नळीने आत घ्यायचा, आणि काहीजण सुईने घ्यायचे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच आलं.

आम्ही देत होतो ओएसटी, म्हणजे गर्दच्या जागी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. खूप लोक म्हणतात की एक नशा सोडवून दुसरी लावता. तसं नाही हो. गर्दचा असर चार-सहा तासात उतरतो आणि माणूस टर्कीत जातो, नाक गळतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात पीळ, जुलाब, पायात असे गोळे येतात की माणूस रस्त्यावर गडाबडा लोळतो, आणि मग त्याच्यासाठी तो पाकीट मारतो, रक्त विकतो, काहीही करतो. या गोळीचा असर चोवीस तास आणि त्याहून जास्त टिकतो. सकाळी एकदा घेतली की दिवसभर टर्की नाही, झिंग नाही, माणूस कामावर जाऊ शकतो, आंघोळ करतो, आईला फोन करतो. सुईवाल्यांचं सुई वाटून घेणं थांबतं, एचआयव्हीचा धोका उतरतो. पण गोळी रोज लागते, आणि महिने नाही तर वर्षं लागते. आणि देणाऱ्यांचं प्रोजेक्ट तीन वर्षांचं असतं.

गोळी आम्ही हातात द्यायचो नाही. चुरून पावडर करायची, तोंड ओलं करायला घोटभर पाणी द्यायचं, मग पावडर जिभेखाली, आणि समोरच्या बाकावर बसवायचं पाच ते दहा मिनिटं. बोलायचं नाही, गिळायचं नाही. मी घड्याळाकडे बोट दाखवायचे, ते बोटांनी परत दाखवायचे, पाच, चार, तीन. मग तोंड उघडून जीभ वर, काही उरलं नाही ना बघायचं, नाहीतर बाहेर नेऊन विकली जाते. एरवी ज्या पोराला कोणी दोन मिनिटं एका जागी बसलेलं बघितलं नाही तो बाकावर हात मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलासारखा बसायचा. मला त्या दहा मिनिटांची फार सवय झाली होती.

२००५ ला परदेशी मदतीतून हे सुरू झालं. जानेवारी २००८ ला पत्र आलं की मुदत ३१ मार्चला संपते, वाढ मिळणार नाही. तसं हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, करारातच लिहिलेलं होतं, पण रोज सकाळी शंभर माणसांना डोस देता देता तारीख मागे पडत जाते, आणि वर सगळे म्हणत होते की सरकारच्या नव्या कार्यक्रमात ओएसटी घेतलंय, नाको, म्हणजे सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, उचलणार आहे सगळी सेंटरं. ते खरं होतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा तिसरा टप्पा २००७ ला सुरू झाला आणि त्यात ओएसटी होती. पण घेणार आणि घेतलं याच्या मध्ये किती महिने जातात हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या पीएम, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर सरांनीही नाही, मीही नाही. आज ती फोनवाली सिस्टर विचारते की पहिलं काय करू, तर मी तिला हेच सांगितलं की मध्ये किती दिवस गोळी नसेल ते मोज, आणि आजच मोज.

फेब्रुवारीत आम्ही नवीन माणूस घेणं बंद केलं. हा निर्णय डॉक्टरांचा. ते म्हणाले की ज्याला पुढे देता येईल की नाही माहीत नाही त्याला चालू करणं म्हणजे त्याला मध्येच टर्कीत ढकलणं. बरोबर होतं त्यांचं. पण दारात उभं राहून नाही म्हणायचं काम माझं होतं. एक बाई आपल्या भावाला घेऊन मुंब्र्याहून आली होती, दोन गाड्या बदलून, पोराच्या अंगात ताप, शुद्ध नव्हती धड. तिला मी दुसऱ्या हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला. ती चिठ्ठी हातात धरून ती बराच वेळ पायरीवरच बसून राहिली.

मग पैसे शोधायला लागलो. दारूखान्यातल्या व्यापाऱ्यांकडे गेलो, आमचा एक पिअर, म्हणजे जो आधी स्वतः पन्नी मारायचा आणि आता आमच्यात काम करायचा, तो बरोबर. आधीच सांगते, लोक वाईट नाहीत. एका लोखंडाच्या शेठने तिथल्या तिथे कपाटातून पैसे काढून दिले, म्हणाला यांनी माझ्या गोदामातली केबल चोरायची थांबवली ते तुमच्यामुळे, मला माहीत आहे. दुसऱ्याने ब्लँकेट देतो म्हटलं, तिसऱ्याने बिस्किटाचे खोके पाठवले, एका मंडळाने दिवाळीला कपडे वाटायचं कबूल केलं. वस्तू सगळे देतात. नर्सचा पगार, डॉक्टरचं मानधन, लाईटबिल हे मागितलं की लोकांचे चेहरे बदलतात, त्यांना वाटतं हे स्वतःसाठी मागतायत. आणि गोळी तर मागताच येत नव्हती. तो शेठ म्हणाला, सिस्टर नाव लिहून द्या, मी केमिस्टकडून आणून देतो. त्याला सांगावं लागलं की ही गोळी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येते, कुणीही जाऊन विकत आणायची वस्तू नाही, त्याला परवानगी लागते, हिशोब लागतो, एकेका गोळीची नोंद लागते. म्हणजे पैसे असले तरी औषध मिळेलच असं नाही. हे भल्या भल्या देणगीदारांना आजही कळत नाही.

शेवटी भाड्याचं त्या शेठने आणि आणखी दोघांनी मिळून बघितलं, जुलैपर्यंत. डॉक्टर म्हणाले मी असाच येईन, आठवड्यातून चार दिवस. मी अर्ध्या पगारावर आले आणि तो अर्धा पण ट्रस्टमधल्या एका वयस्कर बाईंनी स्वतःच्या पेन्शनमधून दिला, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी मी एका नर्सिंग होमला ड्युटी धरली. घरी नवऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही, फक्त सकाळचा डबा तो करायला लागला.

औषधाचं काय? तर पीएम सरांनी एक गोष्ट फार चांगली केली. जुन्या देणगीदारांच्या हिशोबात ट्रेनिंगच्या हेडखाली काही रक्कम खर्च न होता पडून होती. नियमाने ती परत जायची. सरांनी त्यांना लिहिलं की आम्हाला एक्स्टेन्शन नको, पगार नको, फक्त हे पैसे औषधाच्या हेडवर टाकू द्या. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा नाही आलं. चौथ्यांदा त्यांनी पत्राबरोबर आमच्या डोसिंग शीटची झेरॉक्स लावली, टोकन नंबर आणि त्यापुढे रोजच्या खुणा, तीन-तीन वर्षं एक दिवस न चुकता आलेल्या माणसांच्या, आणि हो आलं. दोन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. म्हणजे मेच्या मध्यावर संपणारं औषध जुलैच्या मध्यापर्यंत गेलं. कुणाच्या खात्यात काय हेडखाली पडून आहे ते शेवटच्या सहा महिन्यांत बघत जा, हे मी प्रत्येकाला सांगते.

एप्रिलमध्ये तपासणीला माणसं आली. सरकारी मदत मिळायची तर सेंटरला आधी मान्यता हवी होती, एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारं मंडळ, त्यांच्याकडून तपासणी. कपाटाची कुलुपं, डोसची खोली वेगळी आहे का, संमतीपत्रं, रजिस्टरची पानं, इमर्जन्सीची औषधं, हात धुवायची जागा. चांगली माणसं होती, नीट बघत होती. पण त्यांच्या फॉर्ममधला एक रकाना बघून माझ्या पोटात गोळा आला. सुईने घेणारे किती.

कारण साधं होतं. नाकोचा कार्यक्रम एचआयव्ही थांबवायचा कार्यक्रम आहे. एचआयव्ही पसरतो सुईतून, पन्नीच्या धुरातून नाही. म्हणून सरकारी ओएसटी सुई घेणाऱ्यांसाठी. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यात चूक नाही, पैसे ज्या कामाचे त्याच कामाला लावणार. पण आमच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये ही अट नव्हती, गर्दचं व्यसन आहे एवढं पुरे होतं, आणि आमच्या ११८ मध्ये ७१ सुईवाले आणि ४७ पन्नीवाले होते. पैसे देणारा बदलला की आजार तोच राहतो पण पेशंट कोण हे बदलतं. हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं आणि कुठल्या ट्रेनिंगमध्येही नव्हतं.

मे महिन्यात आम्ही पाचजण बसलो. डॉक्टर, पीएम सर, कौन्सेलर ताई, पिअर आणि मी. जुलैच्या मध्याला औषध संपणार, सरकारी पुरवठा ऑगस्टच्या आधी येत नाही हे कळलेलं. ४७ जणांना पुढे घेता येणार नाही हेही कळलेलं. अचानक बंद केलं तर सगळेच टर्कीत जाणार, म्हणून हळूहळू कमी करत आणायचं, टेपर, दोन मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांवरून अडीच, दोन, मग बारीक ०.४ वाल्यांवर, असं करत दोन-अडीच महिन्यांत शून्यावर. तेही घाईचंच, ज्याची तयारी नाही त्याचा डोस असा उतरवायचाच नसतो. आणि ४७ जणांच्या ज्या गोळ्या कमी होतील त्या शिल्लक राहून ७१ जणांचा जुलै-ऑगस्ट निघणार. हा हिशोब कागदावर मीच मांडला, कारण स्टॉक माझ्याकडे. खोलीत कुणी बोलत नव्हतं. पिअर उठून बाहेर गेला, तो स्वतः पन्नीवाला होता ना.

सांगायचं कसं, तर खरं सांगायचं ठरवलं. एकेकाला बसवून. कोणी रडलं नाही, आरडाओरडा पण नाही, मला वाटलं होतं काचा फुटतील. एक पन्नाशीचा हमाल होता, वाडी बंदरला काम करायचा, गोळीवर दोन वर्षं, गावाला पैसे पाठवायला लागला होता, तो एवढंच म्हणाला, सिस्टर, माझी चूक काय झाली ते सांगा, सुई घेतली नाही ती? त्याला मी काय सांगणार होते. त्याला घेऊन मी स्वतः एका मोठ्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेले, केसपेपर काढला, तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी घेतलं त्याला. असे १४ जण आम्ही हॉस्पिटलला लावले. यापेक्षा जास्त जमले नसते असं नाही, पण ओपीडीची लाईन, केसपेपर, आधी इथे मग तिथे, आणि तोवर त्या दिवसाची मजुरी बुडालेली, एकट्याने जाणारा माणूस अर्ध्यातून परत यायचा. ज्यांच्याबरोबर आमच्यातलं कुणी गेलं तेच टिकले.

बाकीच्यांतले १६ जण टेपर पूर्ण करून गेले, काही गावाला, काही इथेच. नऊ जणांचा पत्ताच लागला नाही. त्यातल्या एकाची बातमी पावसाळ्यात आली, स्टेशनच्या पुलावर सकाळी मेलेला सापडला. काही आठवडे नशा सुटलेली असते, शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणूस जुन्या मापाने घेतो, ते जिवावर बेततं. हे पुस्तकात आम्ही वाचलेलं, त्यालाही आम्ही समजावलेलं. त्याचं टोकन ४१. त्याच्या बहिणीने नंतर येऊन टोकनचं कार्ड मागितलं, त्यावर त्याचा फोटो होता म्हणून. घरात दुसरा फोटो नव्हता.

राहिले आठ. त्यांचं सांगते. सरकारी पुरवठा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला, सुईवाल्यांचा एकही दिवस खाली गेला नाही, शेवटच्या दिवशी कपाटात २०० पण गोळ्या नव्हत्या पण निभावलं. आम्ही नारळ फोडला, शेठने पेढे आणले. थंडीच्या सुरुवातीला, नोव्हेंबर असेल, एक पोरगा आला, तेवीस-चोवीसचा, टेपर होऊन गेलेला पन्नीवाला. बाकावर बसला, शर्टाची बाही वर केली आणि हात माझ्यापुढे टेबलावर ठेवला. कोपराच्या आतल्या बाजूला तीन ताजी भोकं, आजूबाजूला हिरवं-जांभळं झालेलं. म्हणाला, "सिस्टर, अब मैं भी सुईवाला हूँ. अब नाम लिखो."

मी स्पिरिटचा बोळा घेऊन त्याचा हात पुसत बसले. नाव लिहिलं. अटीत बसत होता. त्या वर्षाअखेरपर्यंत असे आठ जण आले. काहींची सुई गोळी मिळत नाही म्हणून लागली, काहींनी गोळी मिळावी म्हणून लावली, आणि कोण कुठला हे आम्हालाच सांगता येत नव्हतं. आम्ही हे लिहून वर कळवलं, मीटिंगमध्ये बोललो, माझ्यासारख्या इतर ठिकाणच्या लोकांनीही हेच सांगितलं. मला पटतं की एचआयव्हीच्या पैशात सगळं बसणार नाही. पण मग दुसरं कुणीतरी त्या माणसाचं धरायला पाहिजे होतं ना, आणि व्यसनमुक्तीची जी दुसरी केंद्रं होती तिथे महिनाभर भरती करून घ्यायचे, टर्की उतरवायचे आणि घरी पाठवायचे, रोजची गोळी तिथे नव्हती.

सरकारी योजनेत गेल्यावर सगळं सुरळीत झालं असंही समजू नका. औषध यायचं, पण पगाराचे हप्ते कुठल्याशा कार्यालयात अडकायचे, एकदा पाच महिने पगार नव्हता. नर्स सोडून जायच्या. दर नवीन नर्स आली की क्लायंट आठवडाभर तिला आजमावायचे, काहीजण यायचेच बंद व्हायचे. कारण ते गोळीला येतात तसे माणसालाही येतात, याच्यासाठी बजेटमध्ये हेड नाही. मग काही वर्षांनी सेंटर सरकारी हॉस्पिटलात हलवायची पद्धत आली, डोस हॉस्पिटलात आणि फिल्डवरचं काम संस्थेने करायचं. मला ही पद्धत मनापासून आवडली, कारण हॉस्पिटल मार्चला संपत नाही. अडचण आली ती वेळेची. हॉस्पिटलची खोली साडेनऊला उघडणार आणि नाक्यावर मजूर उचलायला गाडी आठला येणार. साडेनऊला डोस घेतला तर त्या दिवसाचं काम गेलं. आमच्या लोकांनी तिथल्या मेट्रनबाईंना एक दिवस सकाळी सात वाजता नाक्यावर नेऊन दाखवलं. बाईंनी पुढच्या आठवड्यापासून एका नर्सची ड्युटी साडेसातची लावली. कागदावर काही बदललं नाही, त्या बाईंनी मनावर घेतलं म्हणून झालं, आणि त्यांची बदली झाल्यावर परत तीन महिने भांडावं लागलं.

दुसऱ्यांदा आमचं एक प्रोजेक्ट संपलं २०१५ ला, ते बायकांसाठी होतं, गर्द घेणाऱ्या बाया आणि घेणाऱ्यांच्या बायका दोन्ही. तेव्हा मी शहाणी झाले होते. संपायच्या बारा महिने आधी आम्ही बसलो आणि एकेका बाईचं नाव घेऊन विचारलं की एक एप्रिलला ही सकाळी कुठे जाईल. सगळं प्रोजेक्ट कसं टिकवायचं हा प्रश्नच घेतला नाही, तो घेतला की माणूस देणगीदारांच्या मागे धावत बसतो. काहींना हॉस्पिटलच्या ओएसटीला जोडलं, काहींना टीबीच्या दवाखान्याच्या सिस्टरशी, रेशनकार्डाची कामं वर्षभर आधी उरकली. आणि हस्तांतर गठ्ठ्याने नाही केलं, आठवड्याला पाच-पाच जणी, पहिले पंधरा दिवस आमची ताई तिकडे जाऊन त्यांच्याबरोबर बाकावर बसायची. तेव्हा कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे नफ्यातला थोडा भाग समाजाच्या कामाला द्यायचा, तो सुरू झालेला होता, २०१३ च्या कायद्यानंतर, आम्ही बऱ्याच ठिकाणी गेलो. शाळा, झाडं, टॉयलेट याला पैसे मिळतात. गर्द घेणाऱ्या बाईचं नाव काढलं की साहेब लोक पाणी विचारतात आणि फाईल ठेवून घेतात. एका कंपनीतल्या मॅडमने मात्र स्वतः येऊन बघितलं आणि एका कौन्सेलरचा दोन वर्षांचा पगार मंजूर केला. कुणी येऊन बाकावर बसलं की देतं, हा माझा अनुभव. पुढे २०२० ला परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, एका संस्थेने आलेली रक्कम दुसऱ्या छोट्या संस्थेला देणं बंद झालं, तेव्हा अशा कितीतरी लहान जागांची पंचाईत झाली, आमची तेवढी झाली नाही कारण आमची माणसं आधीच हॉस्पिटलला जोडलेली होती.

त्याच वर्षी लॉकडाऊन. लोकल बंद, आणि रोज येऊन घ्यायची गोळी. नाकोने घरी न्यायला डोस द्यायची परवानगी दिली. आम्ही तोवर इतकी वर्षं एकेक गोळी तोंडात बघून दिलेली, मला झोप लागेना की सगळं विकून खातील. तर तसं झालं नाही. बहुतेकांनी जपून नेली, एकाने लहान मुलांच्या हाताला लागू नये म्हणून पत्र्याच्या डब्याला कुलूप घेतलं आणि किल्ली गळ्यात बांधली, मला दाखवायला आला होता.

२०१९ ला केंद्र सरकारचा व्यसनांचा मोठा सर्व्हे आला, एम्सच्या लोकांनी केलेला. देशात अफू, गर्द आणि तसल्या गोळ्यांच्या त्रासासाठी मदत लागणारे सुमारे ७७ लाख, आणि सुईने नशा घेणारे सुमारे साडेआठ लाख. मी ते दोन आकडे वाचले आणि मला सगळ्यात आधी आमचे ४७ आठवले. त्यानंतर सामाजिक न्याय खात्याकडून सरकारी हॉस्पिटलांत एटीएफ म्हणून व्यसन उपचाराच्या ओपीडी निघायला लागल्या, औषध फुकट, आणि सुई-पन्नी असा भेद नाही.

गेल्या वर्षी मी एकाला घेऊन अशाच एका ओपीडीत गेले. तो वाडी बंदरचा हमाल. मध्ये हॉस्पिटलचं सुटलं, गावाला गेला, परत आला, परत लागलं, आता सत्तरीकडे आलाय, दात नाहीत. फॉर्म भरताना तिथल्या मुलीने विचारलं, बाबा कसं घेता, ओढता की टोचता? तो थांबला. माझ्याकडे बघायला लागला, काय उत्तर दिलं तर चालेल असं. मी म्हटलं, काका, जे आहे ते सांगा. म्हणाला, ओढतो. त्या मुलीने लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मग त्याला बाकावर बसवलं, पावडर जिभेखाली दिली. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्याने मला हाताची पाच बोटं दाखवली.